खडीवरचं डनलिन

अँब्रोज येणार असल्याचं हेस्टरने नोराला आठ दिवस आधी पत्राने कळवलं होतं. तरी शनिवारी सकाळी ती पोचल्या पोचल्या नोराने विचारलं, "कोण येणार म्हणालीस?"

"अँब्रोज. लिहिलं होतं ना मी."

"वाचलं मी. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. लिहिताना माणसाला लाज वाटत नाही."

हेस्टर दाराच्या पायरीवर बसून पायांच्या फळ्या सोडू लागली. डंजनेसच्या समुद्रकाठच्या खडीवर या फळ्या बांधल्याशिवाय चालायचं म्हणजे दोन पावलं पुढे आणि एक मागे. एकसष्टाव्या वर्षी फळ्या बांधूनही तिला धाप लागली होती. तिने वर पाहिलं. दार तेच होतं, अरुंद, गोल कोपऱ्यांचं, उंच माणसाला मान तुकवायला लावणारं. याच दारापाशी ती एके काळी प्रवाशांना कोळशाच्या काट्यावर उभं करून तोलायची आणि जाडजूड बायकांना चारचौघांत वजन कळू नये म्हणून आकडा वैमानिकाच्या कानात सांगायची.

आता डनलिन या जुन्या विमानाला पंख नव्हते, शेपूट नव्हतं, इंजिन नव्हतं. विटांच्या पायांवर टेकलेलं नुसतं धड, एका अंगाला जोडलेलं पत्र्याचं स्वयंपाकघर आणि समोर समुद्र. आजूबाजूचे लोक रेल्वेच्या जुन्या डब्यांत संसार करत; हॉगबेनांचं घर तेवढं कधीकाळी उडालेलं होतं. हेस्टरचा मधला भाऊ क्लेमंट आणि नोरा चौतीस वर्षं त्यात राहिले. त्यांची पर्ल त्यातच जन्मली. फेब्रुवारीत क्लेमंट गेला तोही त्यातच, भर दुपारी, खिडकीपाशी जाळं दुरुस्त करता करता.

थोरला अँब्रोज दफनाला आला नव्हता. त्याने मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं. नोराने ते शेजाऱ्याच्या होडीला अडकवून टाकलं होतं.

"आणि आता काय हवंय त्यांना?" नोरा म्हणाली.

"संग्रहालयात नवं दालन होतंय, पहिल्या प्रवासी विमानांचं. लायनेलने बोलणी केलीयत. जगात हे एकच डनलिन उरलंय, नोरा."

"मलाही घर एकच उरलंय."

पर्ल किटली घेऊन स्वयंपाकघरातून आली. तिने ती जरा जोरातच आदळली. "आई, तुझ्या छातीत मागच्या हिवाळ्यात दोनदा पाणी झालं."

"एकदा. दुसऱ्यांदा नुसता खोकला होता."

"डॉक्टरला खडी तुडवत यायला दीड तास लागला. माझ्याकडे अ‍ॅशफर्डला रिकामी खोली आहे. हे इथून गेलं तर तू येशील, नाहीतर कधी येणार नाहीस." तिने आत्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "लायनेलला पत्र मीच लिहिलं. त्याला काय ठाऊक होतं, हे अजून उभं आहे म्हणून?"

नोराने केक कापायला घेतला आणि एकेक काप नको इतका जाड कापला. हेस्टरला वाटलं, पर्लला रागवावं. मग वाटलं, रागावणारी मी कोण? पस्तीस वर्षांत दोन्ही घरांत मी जे जे लपवलंय, त्यापुढे हे एक पत्र म्हणजे काहीच नाही.

गाडी रस्त्यावरच थांबली. अँब्रोजचा मुलगा लायनेल उतरला, मग संग्रहालयाचे मिस्टर पेनफोल्ड, आणि शेवटी अँब्रोज, काखेत विमानाच्या नकाशांची लांब नळी धरून, शहरी बूट घालून. तिसऱ्याच पावलाला तो घोट्यापर्यंत खडीत रुतला. नोरा दारात हाताची घडी घालून ते पाहत राहिली. तो सावरला, पुन्हा रुतला.

"पर्ल," ती शेवटी म्हणाली, "फळ्या नेऊन दे त्यांना. रुतून मेले तर सगळ्या गर्दीला पुन्हा मलाच चहा पाजावा लागेल."

अँब्रोज दारापाशी आला आणि नेमकं जेवढं वाकायला हवं तेवढंच वाकून आत शिरला. अडुसष्टाव्या वर्षीही त्याला ती उंची मापावी लागली नाही. दार त्यानेच आखलं होतं.

"नोरा," तो म्हणाला.

"बसा, अँब्रोज. ती खुर्ची नको, ती त्यांची होती. पलीकडची घ्या."

सहा वेताच्या खुर्च्यांपैकी चार अजून होत्या. माणसं त्यांत आणि स्टुलांवर ओळीने बसली, एकामागे एक, कारण केबिनची रुंदीच तेवढी होती; गप्पा मारायच्या तर माना वळवाव्या लागत. मिस्टर पेनफोल्ड पन्नाशीचे, गोड बोलणारे गृहस्थ होते. कोळंबीचं सँडविच हातात धरून ते छताकडे बघत होते, चर्चमध्ये आल्यासारखे.

"मिसेस हॉगबेन, आपण यातून उडालाय?"

"एकदाच."

"सांग ना, काकू," लायनेल म्हणाला. "बाबांनी कधी सांगितलं नाही."

"त्यांना कुठे माहीत असायला!" नोरा म्हणाली, पण किटली तिने खाली ठेवली. "एकोणीसशे वीस साल. मी फोकस्टनला टोप्यांच्या दुकानात होते. ब्रसेल्सच्या एका बाईंना लग्नासाठी सहा टोप्या हव्या होत्या, आणि बोटी संपावर. मालकीणबाई म्हणाल्या, नोरा, तू त्या उडत्या खोक्यातून जा. मी सहा डबे मांडीवर घेऊन बसले. पुढे एक मासळीवाला होता, शिंपल्यांची टोपली घेऊन. हेस्टरने आमच्या कानांत कापूस कोंबला आणि पायांखाली गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या."

"तू पांढरीफटक पडली होतीस," हेस्टर म्हणाली.

"पडणारच! वैमानिक बसायचा मागे, बाहेर, उघड्यावर. आम्हाला तो दिसायचाही नाही. मध्ये एवढीशी खिडकी. समुद्रावर गेलो आणि विमान असं काही खाली बसलं की मासळीवाला प्रार्थना करायला लागला. मी चिठ्ठी लिहिली: आपण पडतोय का? आणि खिडकीतून मागे सरकवली. उत्तर आलं: नाही. समोर बेल्जियम आहे. टोप्या सांभाळा, त्या तुमच्यापेक्षा जास्त घाबरल्यात."

सगळे हसले. अँब्रोजही हसला, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन कपाकडे बघू लागला.

"परतताना मी बोटीने आले," नोरा म्हणाली. "संप मिटला होता. धक्क्यावर हा वैमानिक, क्लेमंट, उभा. म्हणे, टोप्या पोचल्या का विचारायला आलो."

"पडदे निळे होते," अँब्रोज अचानक म्हणाला. "गडद निळे. कड पांढरी."

"कड मी शिवली होती," हेस्टर म्हणाली. "आणि पंखांचं कापडही. आम्ही सात जणी. इंचाला आठ टाके, आणि तू मागून भिंग घेऊन मोजायला यायचास. कापडाला लावायच्या रोगणाच्या वासाने आम्हाला नशा चढायची, पेअरच्या गोळ्यांसारखा वास. संध्याकाळी घरी जाताना आम्ही उगाचच खिदळायचो."

तिच्या बोटांना ते ताणलेलं लिननचं कापड आठवलं. रोगण वाळलं की टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं बोलायचं. वडिलांच्या होड्यांच्या कारखान्यात तीन डनलिन बांधली त्यांनी. अँब्रोजने आखायची, तिने शिवायची, क्लेमंटने उडवायची. पहिलं समुद्रात उतरवावं लागलं, माणसं मच्छीमारांनी सुखरूप काढली, विमान बुडालं. दुसरं मोडून सुटे भाग विकले. उरलं ते हे तिसरं. तीन वर्षं. पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरली ती.

"आणि मग ऑर्डर का मिळाली नाही?" मिस्टर पेनफोल्डनी विचारलं. "आमच्या नोंदीत आहे, एक जहाज कंपनी आठ विमानं घेणार होती."

लायनेलला ठाऊक नव्हतं, पर्लला अर्धवट ठाऊक होतं. हेस्टर त्या सकाळी तिथे हजर होती, पण हे सांगणं तिचं काम नव्हतं.

"त्यांचे दोन संचालक आले होते," अँब्रोज सावकाश म्हणाला. "विमान आवडलं त्यांना. एक जण म्हणाला, चला मिस्टर हॉगबेन, तुम्हीही बसा सोबत, एक चक्कर मारू. मी नाही म्हणालो."

"का?"

"कारण मी कधीच उडालो नव्हतो. आजवर उडालो नाही. मला यातलं प्रत्येक लाकूड माहीत होतं, मिस्टर पेनफोल्ड. कुठलं कुठे दगा देऊ शकेल, तेही माहीत होतं. क्लेमंट पंखावर उभा राहून ओरडला, राहू द्या हो त्याला, शिडीवर चढायचं म्हटलं तरी तो आधी मृत्युपत्र करतो! ते दोघे हसले. आणि जेवायच्या आधीच्या गाडीने लंडनला गेले."

"क्लेमंट थट्टा करत होते," नोरा म्हणाली. "त्यांची थट्टा तशीच असायची. वर्षभर झोपले नाहीत नीट त्यापायी."

"मला कधी सांगितलं नाही त्याने."

"तुम्ही दार उघडलंत का कधी? कारखाना बंद झाला, तुम्ही ब्रिस्टलला मोठ्या नोकरीवर गेलात. आम्हाला राहायला जागा नव्हती, म्हणून हे मागितलं. काय म्हणालात तेव्हा?"

अँब्रोज नकाशांच्या नळीचं झाकण फिरवू लागला.

"घेऊन जा, कोंबड्या पाळ त्यात. असं म्हणालात. मला तेव्हा तिसरा महिना होता."

पर्लने आईकडे पाहिलं, मग काकाकडे. ती उठली आणि लायनेलच्या मागची जागा सोडून आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

लायनेल घाईने म्हणाला, "बाबा, मिस्टर पेनफोल्डना सांगाडा बघायचाय ना?"

आतून लावलेली एक फळी अँब्रोजने स्वतः काढली. स्क्रू सहज फिरले; त्यांना तेल दिलेलं होतं. आत लाकडी कमानी दिसल्या, एकामागे एक. त्याने चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवलं, थांबला. खिशातून पट्टी काढली. नळीतून नकाशा काढून मांडीवर पसरला. पुन्हा मोजलं. मग दुसरी फळी काढली, तिसरी काढली. वीस मिनिटं तो गुडघ्यांवर रांगत केबिनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

"हे माझं लाकूड नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" मिस्टर पेनफोल्ड पुढे झुकले.

"मी हलका स्प्रूस वापरला होता. हा होडीचा ओक आहे. ही पाइनची, बहुतेक फुटक्या गलबताची डोलकाठी. ही तर माशांच्या पेटीची फळी, बघा, बंदराचा शिक्का आहे. पण माप... माप माझंच आहे. जाडी, गोलाई, सगळं. आणि हा जोड!" त्याने नख एका तिरप्या रेघेवरून फिरवलं. "एकास नऊचा उतार. क्लेमंटला साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही. कोणी शिकवलं हे त्याला?"

"तूच," हेस्टर म्हणाली. "कारखान्यात. रोज ओरडून."

"ओरडून उतार कळेल, माप नाही कळणार. कमानींची मापं माझ्याखेरीज कुणाजवळ नव्हती."

हेस्टरने कप खाली ठेवला.

"एकतीस साली मी तुझ्याकडे ब्रिस्टलला राहायला आले होते, आठवतं? तू रोज नऊला कामावर जायचास. मी तुझं कपाट उघडून कमानींचे सगळे कागद गिरवून घेतले, वर पातळ कागद ठेवून, पेन्सिलने. सहा दिवस लागले. पेटीच्या तळाशी घालून आणले. क्लेमने मागितले होते. पहिली कमान कुजली होती आणि अंदाजाने बसवायला तो तयार नव्हता. म्हणाला, अँब्रोजने आखलंय तसंच बसेल, नाहीतर पडू दे."

"माझ्या कपाटातून?"

"हो. चोरी म्हण. पोलिसांना बोलाव हवं तर."

"मला का नाही मागितलेस?"

"तू दिले असतेस?"

अँब्रोजने नकाशाची सुरळी करायला घेतली.

"दर दोन उन्हाळ्यांना एक कमान," नोरा म्हणाली. "कधी दोन. मी म्हणायचे, अहो, चार खांब ठोका आणि मोकळे व्हा. ऐकायचेच नाहीत. मासेमारीचा हंगाम वाया गेला एकदा त्यात. मला वाटायचं हा माणूस माझं घर दुरुस्त करतोय. आत्ता कळतंय, विमान दुरुस्त करत होता."

मिस्टर पेनफोल्डनी शांतपणे मोजणी केली होती. त्यांनी घसा साफ केला. "मला सांगायला फार वाईट वाटतंय. एकोणीस कमानींपैकी मूळच्या चार. बाहेरचं कापड गेलं, तिथे प्लायवूड. म्हणजे नियमाने पाहिलं तर हे डनलिन नाही. डनलिनच्या मापाचं घर आहे. दार आणि दोन खुर्च्या आम्ही आनंदाने घेऊ. ती छोटी खिडकीसुद्धा. बाकीचं..."

"बाकीचं मोडायचं?" पर्ल म्हणाली. आवाज तिचाच होता, पण सकाळचा नव्हता.

"तसं काही सुचवत नाही मी."

लायनेल हिरमुसला. "बाबा, दालनात तुमचं नाव लागेल. दारावर पाटी लावतील. काहीच नसण्यापेक्षा बरं."

"दार काढलं तर आत पाऊस येईल, लायनेल," अँब्रोज म्हणाला. तो अजून जमिनीवरच बसला होता, नवी कोरी पँट धुळीने भरली होती. "न्यायचं तर सगळं न्या, त्याच्या लाकडांसकट, आणि दोघांची नावं लावा. नाहीतर स्क्रूलाही हात लावू नका."

"तसं करणं माझ्या हातात नाही, साहेब."

"मग चहा घ्या आणखी."

मिस्टर पेनफोल्डनी खरंच आणखी चहा घेतला, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि लायनेल त्यांना लिडच्या स्टेशनवर सोडायला गेला. फळ्या बांधून ते दोघे बदकांसारखे डुलत रस्त्याकडे निघाले. दार लागल्यावर पर्ल एकदम म्हणाली, "माझं चुकलं, आई. राहा तू इथेच. मी दर शनिवारी येत जाईन."

"हो, नोरा," हेस्टर म्हणाली. "आता कोणी काढणार नाही तुला."

"मला कोणी विचारलंत का?" नोरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"सकाळपासून माझ्या घरात बसून माझं घर न्यायचं की ठेवायचं बोलताय. मला एका अक्षराने कोणी विचारलं नाही." तिने एप्रनला हात पुसले. "मला जायचंय. चौतीस वर्षं मी उशीखाली मोजे वाळवतेय. पूर्वेचा वारा सुटला की स्टोव्हचा धूर आत येतो. मला नळाचं गरम पाणी हवंय आणि गळ्यापर्यंत बुडेन एवढा आंघोळीचा टब हवाय. क्लेमंट होते म्हणून राहिले. ते गेल्यावर तुम्ही नेणार म्हणालात, म्हणून हट्टाने राहिले, कारण तुमच्या हातात हे द्यायचं नव्हतं मला, अँब्रोज. पण मोडूही द्यायचं नाही. माणसाशिवाय हे दोन हिवाळे टिकणार नाही, खारा वारा खाऊन टाकेल. आता सांगा, काय करू?"

पर्ल रडायला लागली आणि हसायलाही. हेस्टर भावाकडे बघत होती. तो पट्टी घडी करून खिशात ठेवत होता, फारच काळजीपूर्वक.

"स्टोव्हमागची कमान गेलीय," तो म्हणाला. "बोट आत जातं. या थंडीआधी बदलायला हवी."

"मग?"

"मग मी राहतो. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. लायनेलच्या घरात मला एक खोली आहे आणि काही काम नाही. मला राहू द्याल का, नोरा? तुम्ही म्हणाल तोवर."

नोराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याचे मऊ हात, धुळीची पँट.

"पाणी पंपावरून आणावं लागतं," ती म्हणाली. "दोन बादल्या सकाळी, दोन संध्याकाळी. कोळसावाला बुधवारी येतो, त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाऱ्याच्या रात्री घर हलतं. पहिल्यांदा वाटतं, उडतंय."

"हलू दे."

"आणि त्या खुर्चीत बसलात तरी चालेल," नोरा म्हणाली आणि पाठ फिरवून कप धुवायला गेली.

सप्टेंबर सरता सरता नोरा पर्लकडे राहायला गेली. लायनेलच्याच गाडीतून, मांडीवर घड्याळ घेऊन, एकदाही मागे वळून न बघता. पर्ल मात्र वळण येईपर्यंत हात हलवत होती. हेस्टर भावाची घडी बसेपर्यंत आठवडाभर राहणार होती. पहिल्याच दिवशी त्याने अर्धी बादली बुटांत ओतली. दुसऱ्या दिवशी कोळसावाल्याशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी त्याने कमान तासायला घेतली, आणि चार वाजेपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले.

तो क्लेमंटच्या खुर्चीत येऊन बसला. बाहेर ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, ऊन खडीवर तिरपं पडलं होतं. हेस्टरने त्याच्या हाताला मलम लावलं.

"तो माझ्याबद्दल काय म्हणायचा?" अँब्रोजने विचारलं.

"तुझी आठवण काढायचा. चौकशी करायचा."

"हेस्टर."

पस्तीस वर्षं ती या घरातून त्या घरात निरोप नेत होती आणि वाटेत आगगाडीत बसून त्यांचे काटे काढत होती. इकडची शिवी तिकडे पोचेपर्यंत नमस्कार व्हायची. दोघांनाही ते कळत असावं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिने मलमाची डबी बंद केली.

"शिव्या द्यायचा," ती म्हणाली. "इथे बसून, प्रत्येक जोड बसवताना. खालच्या बंदरापर्यंत ऐकू जायच्या."

"कुठल्या?"

"भित्रा ससा म्हणायचा. पट्टी गिळलेला बगळा. एकदा जोड तीनदा चुकला, तेव्हा म्हणाला, त्या अँब्रोजला जन्मल्याबरोबर आईने भिंगातून बघितलं असणार, म्हणून तो असा निघाला."

अँब्रोजचे खांदे हलू लागले. आधी तिला वाटलं तो रडतोय. मग त्याच्या घशातून हसण्याचा आवाज आला, बारीक, गंजलेला, बऱ्याच वर्षांत न वापरलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळे नव्हते.

"आणखी?" तो म्हणाला.

"खूप आहेत."

"सगळ्या सांग," अँब्रोज म्हणाला. पायाने त्याने पलीकडची खुर्ची तिच्यासाठी जवळ ओढली. "पहिल्यापासून. एकही गाळू नकोस."